पाखरांची वही आणि दोन सह्या

"पाखरांना एकदा वेळ दिलीस ना, की मग ती पाळावी लागते," सासूबाई म्हणाल्या होत्या. "माणसांना सांगता येतं, आज जमत नाही, उद्या या. पाखरांना काय सांगशील?"

गुंडीची आई "हो आई" म्हणाली आणि तिने खिडकीच्या कठड्यावर मूठभर तांदूळ टाकले. "हो आई" हे उत्तर तिने लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं होतं. त्यात होकार नसतो आणि नकारही नसतो. छत्री उघडावी तसं ते उघडायचं आणि आपल्या वाटेने चालू लागायचं.

शिवाय पाखरं बघणं हे काही तिचं स्वतःचं खूळ नव्हतं. ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. गुंडी चौदा महिन्यांची झाली तेव्हा गुंडीची आई तिला तपासणीला घेऊन गेली आणि सोबत एक्केचाळीस प्रश्न लिहून घेऊन गेली. डॉक्टर वयस्कर, शांत बाई होत्या. नवव्या प्रश्नापर्यंत त्यांनी नीट उत्तरं दिली. नववा प्रश्न होता, डाव्या कानाची पाळी उजव्या पाळीपेक्षा जास्त लाल का दिसते. दहावा ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुलगी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक करा. रोज सकाळी तासभर तिच्याकडे बघायचं नाही."

"मग कुठे बघू?"

"खिडकीबाहेर बघा. झाडं बघा, पाखरं बघा. जे तुमच्या काळजीशिवाय जगतंय असं काहीतरी बघा."

डॉक्टरांची चूक झाली ती इथे. जगात आपल्या काळजीशिवाय काही जगू शकतं, हेच मुळी गुंडीच्या आईला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कार्यक्रम सुरू झाला. गुंडीला उंच खुर्चीत बसवून हातात बिस्कीट दिलं, खुर्चीचं तोंड खिडकीकडे वळवलं, आणि आई स्टुलावर बसली. आता नुसतं बघायचं म्हणजे कसं? कॉलेजात शिकलेल्या माणसाला नुसतं बघता येत नाही, नोंद करावी लागते. वेगळी वही नव्हती. गुंडीची वही होती, तीच उलटी करून मागच्या बाजूने सुरू केली. पुढच्या बाजूला रकाने आखलेले होते, तेच हाताला सवयीने आले: वेळ, किती, भूक, शी, शेरा.

"सहा चाळीस. मैना. दोन. भूक चांगली. शी पातळ, कठड्यावर. शेरा: दोघींत भांडण, कारण कळलं नाही."

"सहा पन्नास. चिमण्या. अकरा किंवा चौदा, स्थिर बसत नाहीत. भूक अतिशय चांगली. शी मोजता आली नाही."

चौथ्या दिवशी एक मैना अर्धा तास एका पायावर उभी राहिली. गुंडीच्या आईने गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं, लस टोचली आहे का विचारलं, आणि शेवटी "दुसरा पाय आहे का?" असं विचारलं. गुंडीच्या आईने खिडकीकडे पाहिलं तर मैना दोन पायांवर चालत निघून गेली होती. "आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गुंडीचे बाबा हे सगळं पांघरुणातून ऐकत. ते विमा कंपनीत, दाव्यांच्या खात्यात काम करत. दिवसभर लोकांची जळलेली दुकानं आणि बुडालेल्या गाड्या नाकारून ते घरी येत. झोपेतही त्यांना काही सांगितलं तर ते कूस बदलून "पुरावा काय?" एवढं विचारत.

पुराव्यासाठी दुर्बीण लागणार, हे उघड होतं.

दुर्बीण शेजारच्या वहिनींकडे मिळाली. वहिनींचे यजमान इमारतीचे खजिनदार. मैदानात सामने बघायला म्हणून त्यांनी ती घेतली होती, आणि मग सामने घरीच टीव्हीवर बघितले होते. वहिनींनी दुर्बीण दिली, पण तशीच नाही दिली. दारात उभं राहून आधी सल्ला दिला.

"घे बाई, पण सांभाळून. आमच्या मावसदिरांनी असंच सुरू केलं होतं. आधी पाखरं. मग ढग. आता कुणाशी बोलत नाहीत."

"का हो?"

"कोण जाणे. न बोलणाऱ्या माणसाला विचारणार कसं?"

दुर्बिणीतून पहिल्यांदा जेव्हा समोरच्या झाडावरचा दयाळ दिसला, काळा-पांढरा, शेपटी ताठ, गळा फुगवून गाणारा, तेव्हा गुंडीची आई वहीत लिहायचंच विसरली. चांगली चार-पाच मिनिटं विसरली. तेवढ्या वेळात गुंडीने अख्खं बिस्कीट केसांना चोळलं आणि तिच्या आईला त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांचं औषध लागू पडलं असेल तर ते त्या चार-पाच मिनिटांत.

आणि दुर्बिणीतूनच तिला घड्याळवाले काका नीट दिसले.

समोरच्या इमारतीत, रस्त्यापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, अगदी तिच्या खिडकीच्या समोरासमोर काका एकटे राहत. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केलं तेव्हा जी घड्याळं घ्यायला कुणी आलंच नाही ती सगळी ते घरी घेऊन आले. बरोबर सातला त्यांची खिडकी उघडे. बरोबर म्हणजे बरोबर. गुंडीच्या आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांच्यावरून लावलं होतं. काका एका जुन्या डब्याच्या झाकणात दाणे ठेवत, समोर बघत, आणि हात वर करत. गुंडी दोन्ही हात वर करी. तिच्या आईने एकदा लाजून, मग रोज हात केला. एका शब्दाचंही बोलणं नव्हतं. रस्ता ओलांडून एकदा भेटून यावं असं तिला रोज वाटे, आणि रोज नेमकं त्याच वेळी गॅसवर काहीतरी उतू जाई.

"सात. घड्याळवाले काका. एक. भूक: माहीत नाही." पुढचा रकाना तिने अर्थातच रिकामा सोडला. "शेरा: हात केला."

आता, खिडकीत दुर्बीण धरून बसलेली बाई ही पाखरं बघत्येय हे पाखरांना कळतं, माणसांना कळत नाही. समोरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक डेंटिस्ट राहत. ते सकाळी गॅलरीत उघड्या अंगाने वजनं उचलत. तीन दिवस त्यांनी पोट आत ओढून वजनं उचलली, चौथ्या दिवशी त्यांना दम लागला, आणि पाचव्या दिवशी त्यांनी तक्रार केली.

तक्रार गुंडीच्या इमारतीच्या सेक्रेटरींकडे आली. सेक्रेटरी हे सरकारी दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तक्रार आली की त्यांच्या गालांवर लाली येई. ते लगेच स्थळपाहणीला आले. गुंडीच्या आईच्या स्टुलावर बसले, दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि वीस मिनिटं उठले नाहीत.

"ती निळी कोण?" त्यांनी विचारलं.

"खंड्या."

"असं होय. आणि हा शेपूट हलवतोय तो?"

"तो धोबी."

"मजाच आहे," सेक्रेटरी म्हणाले, चहा प्याले, आणि खाली जाऊन त्यांनी लिफ्टशेजारी चार टाचण्यांनी नोटीस लावली: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कोणत्याही सभासदाने खिडकीतून दुर्बिणीद्वारे कोणत्याही सजीवाचे निरीक्षण करू नये." इमारतीत दुर्बीण एकच होती आणि ती कुणाकडे होती हे लिफ्टसुद्धा जाणून होती. दोन दिवस गुंडीची आई जिन्याने गेली.

दुर्बीण कपाटात गेली. नोंदी मात्र चालू राहिल्या, आता नुसत्या डोळ्यांनी. आणि नुसत्या डोळ्यांनीच तिला विजेच्या तारेवरचा तो कावळा दिसला.

तो सहा वाजता बसलेला होता. सातला बसलेला होता. तिने लिहिलं: "कावळा. एक. तरुण. शांत स्वभाव. भूक: नाही. शी: नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच. वाऱ्याने थोडा हलला, पण उडाला नाही. एवढ्या काळजीच्या बाबतीत गुंडीच्या आईला पुरावा वगैरे लागत नसे. तिने वीज कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला.

"तारेवर कावळा अडकलाय," ती म्हणाली.

"अडकलाय की बसलाय?" पलीकडचा कारकून म्हणाला.

"काल सकाळपासून आहे."

"बाई, मी या खुर्चीवर अकरा वर्षं आहे. मला कुणी सोडवायला आलंय का?"

पण माणूस चांगला होता. त्याने तक्रार नोंदवून घेतली, "विषय" या रकान्यात काय लिहायचं यावर दोघांनी पाच मिनिटं चर्चा केली, आणि तासाभरात लांब शिडीची गाडी घेऊन लाइनमन आला. अर्धी इमारत गॅलरीत उभी राहिली. लाइनमन वर चढला, कावळा काठीने सोडवला, बारकाईने पाहिला आणि वरूनच ओरडला, "कुणाचा आहे हो?"

तो गुंडीचा काळा मोजा होता. डाव्या पायाचा. आदल्या आठवड्यात दोरीवरून उडालेला.

असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात येतात आणि जातात. इमारतीच्या आयुष्यात मात्र ते कायमचे मुक्कामाला येतात. भाजीवाली "मोजा काय म्हणतोय?" विचारू लागली. खजिनदार जिन्यात भेटले की "काव काव" करत आणि वर "गंमत हं, गंमत" म्हणत. गुंडीचे बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त मोजा हातात घेऊन "दावा नामंजूर" म्हटलं, आणि त्या रात्री त्यांना कोरडी पोळी मिळाली.

सगळ्यात जास्त लागलं ते सेक्रेटरींचं वागणं. त्यांनी बैठक बोलावली आणि ठराव केला: गुंडीच्या आईने यापुढे कुठल्याही खात्याला, दवाखान्याला वा कंपनीला आणीबाणीचा निरोप देण्याआधी कमिटीच्या दोन सभासदांच्या सह्या घ्याव्यात. तिने मान खाली घालून ठरावावर सही केली. घरी आल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "मी उगाच घाबरते का हो?"

"घाबरतेस," सासूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "पण उगाच की काय, ते घाबरून झाल्यावर कळतं. आधी कुणाला कळलंय?"

तिला त्यात काही सांत्वन सापडलं नाही. तिने वही बंद करून ठेवायची ठरवलं. आणखी एकदा चूक झाली, तर पुढे गुंडीला खरंच काही झालं तरी लोक हसतील आणि कुणी धावून येणार नाही, ही नवी काळजी तिला लागली होती. काळजी करणाऱ्या बाईकडे दुसरं काय असतं? तिच्या शब्दावर लोकांनी धावून यावं, एवढीच तिची पत. ती एका मोज्यापायी गेली होती.

नंतरच्या मंगळवारी सात वाजले आणि समोरची खिडकी उघडली नाही.

ती वही न घेता, नुसतीच, डॉक्टरांनी सांगितल्यासारखी बसली होती. सात वाजून दोन मिनिटं. चिमण्या काकांच्या कठड्यावर येऊन बसल्या. सात-पाच. मैना आल्या, सहा, आठ, दहा. दाणे नव्हते. सात-सातला कठड्यावर जागा उरली नाही आणि पाखरांनी असा कलकलाट केला की गुंडी बिस्कीट विसरून बघत राहिली. एका मैनेने काचेवर चोच आपटली. गुंडीने दोन्ही हात वर केले, वाट पाहिली, आणि मग हळूच खाली घेतले.

"अहो, उठा," गुंडीची आई म्हणाली. "काकांनी खिडकी उघडली नाही."

"झोपले असतील," पांघरूण म्हणालं.

"ते घड्याळवाले आहेत हो!"

"घड्याळवाल्यांना झोप नसते? पुरावा काय?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. मनातून तिला वाटत होतं, त्यांनी म्हणावं, जाऊ दे गं, पुन्हा हसं होईल. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, खिडकीशी आल्या आणि पाखरांकडे बघत राहिल्या.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

गुंडीची आई चप्पल घालून, केस न विंचरता, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेली. तिथल्या रखवालदाराने तिला फाटकातच थांबवलं.

"तुम्ही दुर्बीणवाल्या बाई ना? डेंटिस्ट साहेबांनी तुमचं सांगून ठेवलंय. वर सोडायचं नाही."

"अहो, वर घड्याळवाले काका आहेत, त्यांना काहीतरी झालंय."

"कुणी सांगितलं?"

खरं उत्तर होतं, मैनांनी.

"तुमच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आणा," रखवालदार म्हणाला, "मग बघू."

ती उलट्या पावली पळाली. सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी द्या."

"साहेब, वेळ नाही हो!"

"म्हणून तर लेखी. तोंडी सांगण्यात फार वेळ जातो."

त्यांच्याच पाठीमागच्या कॅलेंडरचा कागद फाडून तिने लिहिलं: "समोरील इमारतीतील गृहस्थ सात वाजता दिसले नाहीत. पाखरे अस्वस्थ. तरी परवानगी मिळावी." सेक्रेटरींनी "पाखरे" वर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण नेहमीची तारीख, वार, जावक क्रमांक न घालता त्यांनी सही केली. कागदावर फेसाचा एक थेंब पडला.

दुसरी सही खजिनदारांची. वहिनींनी दार उघडलं. "ते आत आहेत गं," त्या म्हणाल्या, आणि आत म्हणजे कुठे ते बोटाने दाखवलं.

"किती वेळ लागेल?"

"त्यांचं काही सांगता येत नाही. पेपर घेऊन गेलेत."

गुंडीच्या आईने आयुष्यात कधी मर्यादा सोडली नव्हती. त्या दिवशी तिने बंद दाराखालच्या फटीतून कागद आत सरकवला, पाठोपाठ पेन सरकवलं आणि म्हणाली, "भाऊजी, सही."

आतून "काव..." एवढं आलं.

"अहो, बाई रडत्येय!" वहिनी ओरडल्या.

ती रडत नव्हती, धापा टाकत होती. पण फटीतून कागद सहीसकट आणि फार लगबगीने बाहेर आला. तोवर गुंडीचे बाबाही नाईट ड्रेसवर कोट चढवून जिन्यात आले होते. बायको केस न विंचरता दोनदा जिना उतरली-चढली, हा त्यांच्या मते पुरावा होता.

दोघं कागद घेऊन फाटकाशी पोचले आणि थबकले. रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याच्या मांडीवर गुंडी होती आणि ती त्याच्या शिट्टीची दोरी चोखत होती.

"आजीबाई आल्या," तो हताशपणे म्हणाला. "म्हणाल्या, पोरीला धर जरा. मी धरली. त्या वर गेल्या. आता हिला खाली ठेवली तर रडते. तुम्ही जा, जा."

कागद कुणी बघितलाच नाही.

दुसऱ्या मजल्यावर काकांच्या दारात सासूबाई कान लावून उभ्या होत्या. उंबऱ्याशी दुधाची पिशवी आणि सकाळचा पेपर तसाच पडला होता. गुंडीचे बाबा खाली वाकले. पिशवीला हात लावून बघितला आणि दाव्यांच्या खात्यातल्या आवाजात म्हणाले, "हा पुरावा आहे." मग त्यांनी बेल दाबली, दार बडवलं, हाका मारल्या.

आत टिकटिक चालू होती. एक नव्हे, वीस-पंचवीस घड्याळांची, भिंतीभर. एवढ्यात पावणेआठ झाले आणि त्यातली निम्मी घड्याळं वाजू लागली. कुठे घंटा, कुठे टोल, एकात तर लाकडी कोकिळा होती. आत कुणी ओरडत असतं तरी ऐकू येणं शक्य नव्हतं.

घंटा थांबल्या. पुन्हा टिकटिक.

"झोपलेच असतील बहुधा," वरून जिना उतरत आलेले डेंटिस्ट म्हणाले. आज अंगात बनियन होतं. "किंवा गावाला गेले असतील. बाई, तुम्ही जरा जास्तच..."

"श्श!" गुंडीची आई म्हणाली.

दोन बंद दारांपलीकडे गुंडीने कूस बदलली तर हिला कळतं. रात्री श्वास एकदा जरा लांबला तर ही उठून बसते. चौदा महिने ज्या कानांना सगळ्यांनी हसून घेतलं, ते कान तिने दाराला लावले. टिक टिक टिक टिक. सगळी घड्याळं काकांनी स्वतः लावलेली, एका लयीत, शिस्तीत. आणि त्यात एक टिकटिक चुकत होती. दोन ठोके पडत, मग थांबे, मग तीन पडत, मग थांबे.

"काकांच्या घरात घड्याळ असं चुकणार नाही," ती म्हणाली. "ते काका आहेत."

कुणी हसलं नाही. डेंटिस्टांनी दाराला खांदा लावला. वजनं उचलून कमावलेला खांदा होता, पण आतून दोन कड्या होत्या आणि दार जुन्या लाकडाचं. खांदा दुखावला. खिडकी उघडी असेल का? गुंडीच्या आईला ठाऊक होतं. खिडकीची वरची झडप काका कधीच लावत नाहीत. ते तिच्या वहीत चार वेळा लिहिलेलं होतं, "झडप उघडी, सर्दी होईल" म्हणून. पण दुसऱ्या मजल्याला बाहेरून पोचणार कसं?

तिने फोन लावला.

"तक्रार विभाग," कारकून म्हणाला. आवाज ओळखून तो पुढे म्हणाला, "आता काय बसलंय?"

"बसलेलं नाही," ती म्हणाली. "रोज दिसणारं माणूस आज दिसत नाहीये. शिडी हवी आहे."

"दोन सह्या आहेत का? तुमच्या सेक्रेटरींचं पत्र आलंय इकडे."

"आहेत."

"फेकून द्या," कारकून म्हणाला. "गाडी तुमच्याच चौकात उभी आहे."

लाइनमन आला, शिडी लागली, आणि तो मैनांच्या मधून वाट काढत वर चढला. त्याने झडपेतून हात घालून खिडकीची कडी काढली, एक पाय आत टाकला, आणि त्याच क्षणी आठ वाजले. पंचवीस घड्याळं एकदम. लाइनमन नंतर सांगत होता, अकरा हजार व्होल्टच्या तारेशेजारी काम केलंय, पण काळजाचा असा ठोका कधी चुकला नव्हता.

त्याने आतून दार उघडलं. सगळे न्हाणीघराकडे धावले. तिथली कडी आतून लागलेली होती. ती लाइनमनने फटीतून पकड घालून सोडवली. आत घड्याळवाले काका पालथ्या बादलीवर बसले होते, अंगाला टॉवेल, हातात साबणाची डबी. साडेपाचला पाय घसरला, घोटा मुरगळला, उभं राहता येईना, म्हणून कडीपर्यंत हात पोचेना. ओरडून घसा बसला. मग डबीने नळावर ठोकत राहिले.

सगळ्यांकडे एकेक करून बघत त्यांनी शेवटी गुंडीच्या आईला ओळखलं. इतके दिवस फक्त हात वर करणारं माणूस पहिल्यांदा तिच्याशी बोललं. आवाज घोगरा होता.

"तासभर उशीर झाला," ते म्हणाले. "पाखरं गेली का हो?"

"नाही," ती म्हणाली, आणि मग मात्र ती खरंच रडली, कारण आता काही काळजीचं उरलं नव्हतं. "थांबलीत. सगळी थांबलीत."

सासूबाईंनी आधी दाणे ठेवले, मग काकांना चहा. डॉक्टरकडे न्यायचं ठरलं तेव्हा डेंटिस्टांनी काकांना पाठुंगळी घेतलं आणि दोन मजले उतरवून खाली आणलं, पोट न ओढता. फाटकाशी रखवालदार उठून उभा राहिला. त्याच्या कडेवर गुंडी होती. काकांना बघून तिने दोन्ही हात वर केले. काकांनी डेंटिस्टांच्या मानेभोवतीचा एक हात सोडून वर केला, आणि दोघं पडता पडता वाचले.

घोट्याचं हाड जरासं तडकलं होतं. तीन आठवडे प्लास्टर. त्या तीन आठवड्यांत सातचे दाणे कुणी ठेवायचे यावर दोन्ही इमारतींची एकत्र बैठक झाली, सेक्रेटरींनी पाळ्यांचा तक्ता केला आणि दोन सह्यांचा ठराव कुणीही न मांडता, कुणीही अनुमोदन न देता रद्द झाला. खजिनदार "काव" म्हणायचे थांबले. त्याची किंमत मात्र गुंडीच्या आईला मोजावी लागली. आता जो तो तिला काळजी आणून देतो. वहिनी म्हणतात, आमचा मनीप्लान्ट जरा बघशील का, मला त्याचं लक्षण बरं दिसत नाही. डेंटिस्ट विचारतात, माझा खांदा जरा खाली वाटतोय का हो? आणि गुंडीचे बाबा, पहाटे, पांघरुणातून, "काका दिसले?" विचारतात आणि "दिसले" ऐकल्यावरच पुन्हा घोरतात.

ती आता सातनंतर रस्ता ओलांडून जाते. उतू जायचं ते उतू जातं. काका गुंडीला घड्याळांची पोटं उघडून दाखवतात, आणि गुंडीची आई वहीत एकच ओळ लिहिते, कधी कधी तीही लिहीत नाही.

फक्त येत्या सोमवारपासून आठ दिवस ती गुंडीला घेऊन माहेरी चालली आहे. तक्ता केलेला आहे, रखवालदाराला सांगितलेलं आहे, सेक्रेटरींनी नोटीस लावलेली आहे. पण तिचा जीव तुम्हाला माहीत आहे. तिने मला बजावलंय की गोष्ट संपवताना वाचणाऱ्यांना एवढं सांग. तेव्हा सांगते: तुम्ही त्या आठ दिवसांत सकाळी त्या बाजूने जाणार असाल, तर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे एकदा मान वर करून बघा. काका दिसले तर हात करा. नाही दिसले तर वर जा, रखवालदार आता अडवत नाही. बेल दोनदा वाजवा. पहिली त्यांना एखादं घड्याळच वाटते. आणि दार उघडलं की "सहज आलो होतो" असं म्हणा, काळजी वाटली म्हणून आलो असं नका म्हणू. मग ते चहा करतील. चहा करताना ते नीट, दोन्ही पायांवर उभे राहतात ना, तेवढं बघा आणि तिला कळवा.